मेश्रामबाईंचं रुसलेलं पोट

मेश्रामबाई स्वतःच्या पोटाशी बोलत. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्याने, आणि तेही भर वर्गात. तिसरीची पोरं सातचा पाढा म्हणत असली की मध्येच बाई पोटावर हात ठेवून म्हणायच्या, "रुसलं का बाप्पा? थांब, दोन फुटाणे देते." मग पदराच्या गाठीतले फुटाणे तोंडात टाकून डोळे मिटून उभ्या राहायच्या. बाईंचं पोट मोठ्या आवाजाला भितं अशी पोरांची समजूत होती, त्यामुळे ती आपणहून पाढा हळू म्हणू लागत.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत एटापल्लीकडच्या त्या गावातल्या शाळेत शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक झाली. मी वर्ध्याची, बावीस वर्षांची. शाळेमागच्या दोन खोल्यांत बाईंबरोबर राहायचं ठरलं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी साखरेच्या डब्याशेजारी ठेवलेली गोळ्यांची पट्टी मला दाखवली. "ही मनाची गोळी. मन बरं करते अन् पोट बिघडवते. डॉक्टर म्हणते, थोडे दिवस तरास होईन, मंग पोट समजून घेईन. तवरिक आपण पोटाले समजवाचं."

त्या काळात लोक अशी गोळी कपाटात, लुगड्यांच्या घडीत लपवत. बाईंची पट्टी मात्र मीठ-साखरेच्या रांगेत होती.

हकिकत त्यांनीच हळूहळू सांगितली. बाईंनी लग्न केलं नव्हतं. आई त्यांच्याजवळच राहायची. ती गेली आणि बाईंचं बोलणंच आटलं. हातात खडू घेऊन फळ्यासमोर उभ्या राहायच्या आणि काय लिहायचं ते सुचायचं नाही. वर्ष असं गेल्यावर चंद्रपूरचा भाऊ आला, बहिणीची दशा पाहून हबकला आणि तिला नागपूरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मी आले तेव्हा गोळी सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

त्या मळमळीशी बाईंनी जो संसार मांडला, त्यात मीही आपोआप सामील झाले. भात दोघींनी गार करून खायचा. फोडणी अंगणात, तीही वारा पाहून. गोळी कधी उपाशीपोटी नाही. दिवसातून सहा वेळा मूठमूठ खायचं, मुरमुरे, फुटाणे, काहीही कोरडं. आल्याचा तुकडा गालात. माझं खोबरेल त्यांनी पहिल्याच दिवशी हुंगलं आणि अतिशय नम्रपणे खिडकीबाहेर ठेवलं. हेडमास्तर गुरुजींना त्यांनी सांगून टाकलं की बिडी ओढल्यावर आपल्याशी बोलायचं असेल तर चिठ्ठी पाठवा. गुरुजी खरोखरच चिठ्ठ्या पाठवू लागले.

मार्चमध्ये मोहफुलं पडायला लागली. तो गोड, आंबूस वास साऱ्या गावावर पसरला. घरोघरी अंगणात फुलं वाळत घातलेली. त्यापासून पळणार कुठे? बाई लिंबाचं पान चुरगाळून नाकाशी धरून शाळेत यायच्या. बाजारातल्या सुकट विकणाऱ्या बाईला वाटलं, मास्तरीण आपल्याला पाहून नाक मुरडते. मेश्रामबाईंनी थांबून तिला अख्खं प्रकरण समजावायला घेतलं. तेवढ्यात वास चढला आणि समजावणं अर्धवट टाकून त्या झाडामागे पळाल्या.

गावानं हे सगळं पाहिलं. सकाळच्या उलट्या, गालात आलं, हातात लिंबाचं पान, पोटावर हात आणि पोटाशी बोलणं. गावानं आपला हिशेब केला.

गुरुजींनी मला बाजूला घेऊन, जमिनीकडे पाहत विचारलं की बाईंना दिवस गेलेत असं लोक म्हणतात, त्यात काही तथ्य आहे का. पालक कुजबुजत होते. वर तक्रार गेली तर चौकशी लागली असती, कदाचित नोकरीही गेली असती. मी घाबरत घाबरत बाईंना सांगितलं. त्या आधी हसल्या. मग तांदूळ निवडत राहिल्या.

शनिवारी पालकांची सभा होती. उपस्थितीचं बोलणं संपल्यावर बाई उठल्या आणि गोळ्यांची पट्टी सर्वांसमोर धरली.

"तुमी मले पोटुशी समजून राह्यले. तसं नाई. माय गेल्यावर माहं मन मोडलं होतं. त्याची ही गोळी आहे. हिच्यानं मळमळते."

गुरुजी छताची कौलं मोजत होते. शेवटी मागून एका म्हाताऱ्या गोंड बाईनं विचारलं, "उलटी होते तं काऊन खाते वं?"

"आता सकाळी शाळेत यावंसं वाटते, मावशी," बाई म्हणाल्या. "मागच्या साली वाटत नोयतं."

म्हातारीनं मान हलवली. तिला ते पटलं, आणि तिला पटल्यावर बाकीच्यांनाही पटलं. पुढच्या आठवड्यात दोन घरांतून लिंबं आली. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मळमळ जवळजवळ गेली. बाई गरम भात खाऊ लागल्या, माझं खोबरेल घरात परत आलं.

शाळा पुन्हा सुरू झाली त्या सुमाराला मैनी आमच्या ओट्यावर येऊन बसू लागली. ती चौथीतल्या एका मुलीची आई. चार महिन्यांचं बाळ कडेवर, पण त्याच्याकडे पाहायची नाही. रडलं तरी नाही. सभेला ती आली होती, एवढंच मला आठवत होतं. बाईंनी तिला काही विचारलं नाही. तिच्या नवऱ्याशी मात्र बोलल्या आणि रजा टाकून तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. दर महिन्याला, एसटीचे ते सगळे तास, पावसातही.

पत्ता लिहून दिला तर नवरा नेईल की, असं मी एकदा म्हटलं. बाईंनी दारातून ओट्याकडे बोट दाखवलं.

"माय गेली त्या साली मी रोज या ओट्यावर बसत होती. लोकं समोरून जायचे. कडक बाई, कोण बोलन? मी तरी काय बोलली असती म्हना. पण कोनी बाजूले येऊन बसलं असतं नं, तं बरं झालं असतं."

एवढं बोलून त्या बाहेर गेल्या. मैनी आली होती. बाईंनी तिच्याकडून बाळ घेतलं, मांडीवर निजवलं आणि शेजारी बसल्या. दोघी समोरच्या धानाच्या बांध्यांकडे पाहत होत्या. जेवण वाढून मी दारातून हाक मारली, तेव्हा बाईंनी बाळ हलू नये म्हणून नुसती बोटं उचलली. मी ताट झाकून ठेवलं.