वरचा काटा, खालचा काटा

"हे बघा, अकरा वाजता फायर ब्रिगेडच्या मॅडम येणारेत. तोवर तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. कशालाही म्हणजे कशालाही!" रत्नप्रभाबाईंनी स्टुलावर उभं राहून भिंतीला कागदी पोपट चिकटवता चिकटवता नवऱ्याला बजावलं.

"मी कुठं काय लावतोय?" श्रीकांतराव पिंपळापुरे म्हणाले, आणि उघडलेल्या स्विचबोर्डचं झाकण त्यांनी गुपचूप परत बसवलं.

बाईंचं बरोबरच होतं. नागपूरहून लग्न होऊन भोपाळला आल्या त्याला कितीतरी वर्षं झाली. स्वतःची दोन मुलं वाढवली, शेजारपाजारची सांभाळली, जावेची तर कॉलेजात जाईपर्यंत सांभाळली. आता साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी प्रथमच स्वतःचं असं काही काढायचं ठरवलं होतं. कोलार रोडवरच्या त्यांच्या सोसायटीत तळमजल्यावर एक हॉल धूळ खात पडला होता. तिथं पाळणाघर! कमिटीनं हो म्हटलं, पण सेक्रेटरी समीर देव यांनी पाचर मारून ठेवली होती. "काकू, फायरवाल्यांची मंजुरी आज मिळाली तर हॉल तुमचा. नाही मिळाली तर सोमवारपासून तिथं जिमची मशीनं येतील. जिमवाला रोज फोन करतोय हो मला." बरं, अजून एकाही मुलाचं नाव आलेलं नव्हतं. जिन्यात भेटणाऱ्या आया गोड हसून "आधी सुरू तर होऊ द्या काकू, मग बघू" एवढंच म्हणायच्या. त्यामुळे आजचा दिवस पार पडणं फार म्हणजे फार गरजेचं होतं.

आणि श्रीकांतराव? त्यांना आपलं वाटायचं, या सगळ्यात आपल्यालाही काहीतरी काम असावं. पण त्यांनी खुर्ची हलवली की ती पुन्हा जागेवर नेली जायची. पाळणाघरासाठी त्यांनी सुचवलेलं नाव हसण्यावारी गेलं होतं. गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात ज्यांनी दाबमापकं तपासण्यात जन्म काढला, ज्यांच्या सहीशिवाय एक तबकडी गेटाबाहेर गेली नाही, त्या माणसाला आता घरात कात्रीसुद्धा कोणी मागत नव्हतं. वाईट वाटायचं त्यांना. बोलून दाखवायचे नाहीत, पण वाटायचं.

तेव्हा "जरा बाहेर वाऱ्याला उभा राहतो" म्हणून ते हॉलबाहेर आले. मे महिन्यातला भोपाळचा वारा तो! भाजून काढत होता. सावलीसाठी म्हणून ते भिंतीतल्या कोनाड्याकडे सरकले, आणि तिथंच घात झाला.

कोनाड्यात रायझर होता. म्हणजे जमिनीखालच्या टाकीतलं पाणी छतातल्या फवाऱ्यांपर्यंत वर नेणारा जाडजूड, लाल रंगाचा उभा पाइप. यात पाणी बारा महिने भरलेलंच असतं. आग लागली, वरचा फवारा फुटला, की लगेच धार. खाली एक मोठं चाक, पाणी बंद-चालू करायचं. चाकाच्या वर अलार्म वॉल्व्ह, म्हणजे आत झडप असलेला लोखंडी गोळा. त्याच्या बाजूला पाणी सोडून द्यायची तोटी. एक बारीक नळी एका डब्यात जाऊन तिथून भिंतीबाहेरच्या घंटेकडे निघालेली. आणि गोळ्याला दोन तबकड्या. एक झडपेच्या खाली, एक वर.

श्रीकांतरावांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. वरच्या तबकडीचा काटा पुढे होता. खालचा मागे होता.

"अरे देवा," ते पुटपुटले.

एकाच पाइपावर दोन तबकड्या आणि दोघींचं दोन तऱ्हांचं बोलणं? कारखान्यात असं झालं असतं तर त्यांनी अख्खा माल परत पाठवला असता. आणि अकरा वाजता त्या मॅडम येणार, नेमकं हेच बघणार आणि रत्नाचं पाळणाघर बसणार! त्यांनी वरच्या काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म. खालच्या काचेवर मारली. तोही ढिम्म. मग त्यांच्या डोक्यात विचार आला, आणि तुम्हीच सांगा, तो काही वेडगळ नव्हता. वर दाब जास्त आहे ना? मग वरचं थोडं पाणी सोडून द्यावं. दोन्ही सारखे होतील. बायकोला कळणारही नाही, आणि काम मात्र आपण केलेलं असेल.

त्यांनी तोटी हलकेच फिरवली. पाइपात खुळखुळ झालं. वरचा काटा थरथरला, खाली आला, आणखी खाली आला, आणि खालच्याच्या बरोबरीला येऊन उभा राहिला.

"वा रे पठ्ठे!" श्रीकांतराव म्हणाले. कमरेवर हात ठेवून ते दोन्ही काट्यांकडे डोळे भरून बघत राहिले. निवृत्त झाल्यापासून इतकं समाधान त्यांना कशानंच मिळालं नव्हतं.

त्यांना काय माहीत, की वरचं पाणी कमी झालं तशी आतली झडप उचलली गेली आहे, खालून पाणी धावत निघालं आहे, आणि त्यातलं थोडं त्या बारीक नळीतून डब्यात साठतं आहे! तो डबा त्यासाठीच असतो. पाण्याच्या लहानसहान धक्क्यानं घंटा उगीच वाजू नये म्हणून तो आधी भरतो. आणि भरला की मग मात्र ऐकत नाही.

ठण् ठण् ठण् ठण्!

भिंतीबाहेरची घंटा अशी काही बडवायला लागली की कोनाड्यातली कबुतरं उडाली. पाठोपाठ प्रत्येक मजल्यावरचा भोंगा केकाटला. श्रीकांतराव दचकून तोटीवर झेपावले आणि त्यांनी ती गरागरा फिरवली. फिरवली, पण उलटी. तोटी सताड उघडली. पाण्याचा दाब धाडकन पडला, तसा पंपघरातला मोठा पंप आपोआप सुरू होऊन गुरगुरायला लागला.

तोटीचं पाणी ज्या पाइपानं बाहेर पडायचं त्याचं तोंड पार्किंगमध्ये निघत होतं. त्या तोंडासमोर समीर देवांची पांढरीशुभ्र गाडी उभी होती, सकाळीच धुऊन पुसून ठेवलेली. आणि पाइपात वर्षानुवर्षं कोंडून राहिलेलं पाणी काही गंगाजळ नसतं. ते काळं असतं, आणि वास मारतं.

"आग लागली रे, आग!" कोणीतरी वरून ओरडलं आणि सगळी सोसायटी जिन्यातून खाली लोटली. पहिल्या मजल्यावरच्या मंगलाताई वाफाळता कुकर दोन्ही हातांनी धरून उतरल्या. "शिट्टी व्हायची होती हो अजून एक!" त्या रडवेल्या होऊन ज्याला त्याला सांगत होत्या. समीर देव दाढीचा फेस गालावर तसाच ठेवून आले, आणि गाडी बघून जागच्या जागी थिजले.

"माझी गाडी! ही कुणी केली अशी?"

सुट्टीचे दिवस, त्यामुळे पोरंही ढीगभर. भोंग्यानं घाबरून ती रडायला लागली, आयांचा धीर सुटला. एवढ्यात रत्नप्रभाबाई पदर खोचून बाहेर आल्या. त्यांनी इकडं तिकडं एकदाच बघितलं, आणि असा आवाज लावला की घंटा त्यापुढं फिकी पडली.

"सगळी मुलं माझ्या मागं! समोरच्याचा शर्ट पकडा! आपली गाडी निघाली भोपाळहून इटारसीला!"

जिन्यात एकटीच रडत राहिलेली एक पोर त्यांनी उचलून कडेवर घेतली. आणि काय सांगू, निघाली की गाडी! रडणारी पोरं नाकं पुसत एकमेकांचे शर्ट धरून इमारतीपासून लांब, गेटाजवळच्या कडुलिंबाखाली गेली. बाईंनी त्यांना ओळीत बसवलं, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजलं, परत मोजलं. सोसायटीच्या मुलांपेक्षा एक जास्तच भरलं. शेजारच्या गल्लीतली एक चिमुरडी गंमत बघायला आली होती आणि इंजिन झाली होती.

इकडं कोनाड्यात श्रीकांतराव घामानं निथळत होते. तोटी काही आटोक्यात येईना. तेवढ्यात खालचं मोठं चाक दिसलं. मुळावरच घाव घालावा! त्यांनी दोन्ही हातांनी चाक फिरवायला घेतलं. फिरवता फिरवता दम लागला, पण पाणी थांबलं. घंटा थांबली. भोंगा थांबला. समीर देवांनी धावत जाऊन पंपही बंद केला, आणि एकदम अशी शांतता पसरली की मंगलाताईंच्या कुकरची राहिलेली शिट्टी सगळ्यांना ऐकू आली.

"काय चाललंय इथं?"

गेटात जीप उभी होती. फायरच्या वैजयंती सप्रे मॅडम ठरल्या वेळेआधीच पोचल्या होत्या. भोपाळमध्येच जन्मलेल्या, वाढलेल्या, त्यामुळे मराठीत हिंदी मिसळणाऱ्या. त्या तडक कोनाड्यापाशी आल्या.

श्रीकांतराव पाठीनं चाक झाकून उभे राहिले. "या या, मॅडम. सगळं ठाकठीक आहे. हे बघा, दोन्ही काटे अगदी बराबर!"

मॅडमनी वाकून बघितलं. "बराबर तर आहेत, काका. दोन्ही झिरोवर आहेत."

श्रीकांतरावांनी वळून बघितलं. खरंच की. वरचा शून्यावर, खालचा शून्यावर. इतके सारखे काटे त्यांनी उभ्या आयुष्यात बघितले नव्हते.

"आणि हे मेन वॉल्व्हचं चाक कुणी बंद करून टाकलं?" मॅडमचा आवाज चढला. "मतलब आत्ता आग लागली, तर वर एक थेंब पाणी जाणार नाही. हे कळतं का तुम्हाला?"

समीर देव गालावरचा फेस पुसत पुढं झाले. "मॅडम, मी तर आधीपासूनच म्हणत होतो की इथं पाळणाघर नको. लहान मुलांची रिस्क कशाला घ्यायची?"

कडुलिंबाखालून रत्नप्रभाबाई नुसत्या बघत होत्या. त्यांचा उतरलेला चेहरा श्रीकांतरावांनी बघितला. चाळीस वर्षांत या बाईनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आता एक गोष्ट मागितली, आणि ती आपण काळ्या पाण्यात घातली.

"मॅडम, तिचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "तिनं मला कशालाही हात लावू नका म्हणून बजावलं होतं. वरचा काटा पुढं होता, म्हणून मी तोटी उघडली. घंटा मी वाजवली, चाकही मी बंद केलं. देवसाहेब, गाडीसुद्धा मीच. गाडी मी स्वतः धुऊन देईन. पण मॅडम, माझ्या आगाऊपणाची शिक्षा तिला नका देऊ. हात जोडतो."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. मग कपाळावर हात मारला.

"अहो काका, वरचा काटा पुढंच असायला पाहिजे! पंपानं जोर मारला की पाणी झडपेच्या वर जातं आणि तिथंच अडकून राहतं. खाली परत येत नाही. वरचा जास्त दाखवतो, मतलब झडप पक्की आहे. तुम्ही चांगल्या भल्या तब्येतीवर इलाज करत बसलात!"

त्यांनी स्वतः तोटी घट्ट बंद केली, चाक पूर्ण उघडलं, पंप पुन्हा सुरू करवला. काटे हळूहळू चढले. वरचा पुढं गेला, खालचा मागं राहिला. ते बघून श्रीकांतरावांच्या बोटांना अजूनही खाज सुटत होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

"आता ऐका," मॅडम सगळ्यांकडे वळून म्हणाल्या. "मी आज घंटा वाजते का तेच बघायला आले होते. रस्त्याच्या वळणावरूनच ऐकली. पंप आपोआप चालू झाला?"

"झाला," समीर देव नाइलाजानं म्हणाले.

"लोक खाली उतरले? कमाल आहे! मी सोसायट्या-सोसायट्यांमधून ड्रिल घ्यायला जाते, तर लोक गॅलरीतून चहा पीत बघतात. आणि मुलं कुठं होती?"

सगळ्यांनी कडुलिंबाकडे बघितलं. पोरं ओळीत बसलेली होती. एकही रडत नव्हतं.

"त्यांना कुणी नेलं तिकडं?"

"काकूंनी," मंगलाताई कुकर छातीशी धरून म्हणाल्या. "मी कुकर घेऊन पळाले हो, नात मागं जिन्यातच राहिली! काकूंनी तिला उचलून आणली. काकू, सोमवारी पहिलं नाव आमच्या नातीचं घ्या. माझ्यापेक्षा तुमच्यापाशीच बरी राहील ती!" त्यासरशी आणखी दोन-तीन आया पुढं सरसावल्या, आणि समीर देवांना एकाएकी गाडी पुसायची आठवण झाली.

"मंजुरी देते," मॅडम म्हणाल्या. "पण एक शर्त आहे. हे चाक उघडं ठेवून साखळी-कुलूप लावायचं, चावी कमिटीकडे. आणि हे काका या कोनाड्याजवळ एकटे दिसता कामा नयेत."

रत्नप्रभाबाईंचे डोळे भरून आले होते, तरी त्या म्हणाल्या, "पहिलं कबूल. पण मॅडम, दिवसभर मी इथं असणार. यांना मी कुठं ठेवू?"

मॅडम जीपकडे निघाल्या होत्या. त्या थांबल्या, वळल्या.

"कमाल करता तुम्ही! पाळणाघर आहे ना तुमचं?"

सगळी सोसायटी खो खो हसली. श्रीकांतरावांना कुठं तोंड लपवू असं झालं. ते मान खाली घालून लिफ्टकडे चालायला लागले.

"अहो, तिकडं कुठं?" मागून आवाज आला. रत्नप्रभाबाई हॉलच्या दारात उभ्या होत्या, पोरांची गाडी त्यांच्यामागून आत चालली होती. "चपला बाहेर काढा आणि आत या. इतक्या मुलांचं मला एकटीला थोडंच झेपणार आहे?"

श्रीकांतराव आत गेले. मुलं सतरंजीवर बसली होती. आता आपण नेमकं काय करायचं हे न कळून ते मधेच उभे राहिले. मग शेजारच्या गल्लीतून आलेली ती चिमुरडी सरकली, तिनं आपल्या बाजूची सतरंजी थोपटली आणि दटावून म्हणाली, "आजोबा, बसा इथं. हाताची घडी, तोंडावर बोट!"

गोविंदपुऱ्यात ज्यांच्यापुढं फोरमन चळचळा कापायचे, ते श्रीकांतराव पिंपळापुरे गुडघे कुरकुरवत खाली बसले. त्यांनी घट्ट हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं, आणि हळूच बायकोकडे बघितलं. रत्नप्रभाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.