बुंदी की प्रोसेसर

कॉम्प्युटरमधलं सगळं मला कळतं, असं मी कधीच म्हणालो नाही. मी एवढंच म्हणालो होतो, की कॉम्प्युटरला काय हवंय ते मला नुसतं बघून कळतं. पण हे वाक्य मी आमच्या वडनेर भोलजीच्या मारुतीच्या देवळात, सप्ताहाच्या बैठकीत, माइक चालू असताना म्हणालो. त्यामुळे ते गावानं ऐकलं आणि नको तेवढं लक्षात ठेवलं.

कीर्तन म्हटलं की माझं भान जातं. टाळावर टाळ पडला, की नांदुऱ्याच्या शाळेत केलेली उभ्या जन्माची कारकुनी अंगावरून धुळीसारखी झडते. हे सुख यंदा गावात न मावता बाहेर जावं, असं मी ठरवलं होतं. सोय घरातच होती. लेक रेवती पुण्याला नोकरीला गेली आणि तिचा गेम खेळायचा कॉम्प्युटर घरी राहिला. काचेचा डबा, आत निळेजांभळे दिवे, थेट गणपतीचं मखर! रेवतीनं फोनवरून शिकवलं: कॅमेरा इथं ठेवा, तार तिथं खुपसा, हे बटण दाबा. बटण दाबलं की महाराज लोकांच्या मोबाइलवर, जागच्या जागी, त्याच क्षणी.

खरं सांगायचं तर हा खटाटोप एकट्या गोजरमावशीसाठी होता. देवळातला डावीकडचा खांब म्हणजे मावशीची जागा. त्या खांबाला टेकून तिनं किती महाराज ऐकले आणि किती जणांच्या चुका काढल्या, त्याला गणती नाही. दिवाळीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि मावशी खाटेवर आली. आता तिची सून सुवर्णा मोबाइल तांब्याला टेकवून समोर ठेवायची, आणि मावशी पडल्या पडल्या हात जोडायची.

पहिले तीन दिवस झकास गेले. रोज कीर्तनाआधी मी कॉम्प्युटरची पूजा करत होतो. देवाच्या कामाला लागलेली वस्तू, तिला तसंच कसं बसवायचं? हळदकुंकू, वर बुक्का, डोक्यावर झेंडूचा हार, आणि उदबत्ती नेमकी पुढच्या पंख्याच्या जाळीसमोर. पंखा फिरतो आहे, तर सुगंध मंडपभर जाईल! ही युक्ती रेवतीच्याही डोक्यात आली नसेल, असं मला वाटलं. ते मात्र खरं निघालं.

चौथ्या संध्याकाळी महाराजांनी द्रौपदी घेतली. दुःशासनानं पदर धरला, मंडप चिडीचूप झाला, महाराजांनी दोन्ही हात वर करून तिची हाक मारली, आणि मोबाइलवरचं चित्र थांबलं. मंडपात देव आला, साड्यांवर साड्या आल्या, मी हमसून रडलो. मोबाइलवर मात्र महाराज हात वर करून, तोंड उघडं ठेवून, तसेच उभे.

सकाळी मावशीचं बोलावणं आलं.

"काऊन रे वैजू, देव कुठी अटकला?"

मी म्हणालो, "मावशी, तुम्हाला माहीतच आहे. देव येतो."

"मले माहीत हाय. मी पोरगी होती तवापासून येऊन राह्यला तो. पण काल नाही आला ना! त्या बाईले तसं अर्ध्यात सोडून मले झोप लागन का?"

यावर कोणत्या शास्त्रात उत्तर आहे? मी रेवतीला फोन लावला. कॉम्प्युटर अडखळतो म्हटल्यावर तिनं विचारलं, पंखे साफ आहेत ना? मला जरा रागच आला.

"साफ? अगं, रोज पूजा होते त्याची!"

मग ती म्हणाली, प्रोसेसर जुना झालाय, कदाचित तो बदलावा लागेल, पण घाई करू नका, आधी कुणाकडून तरी उघडून बघा. यातलं 'प्रोसेसर जुना' एवढंच मी ऐकलं. श्रोत्यांचं असंच असतं. महाराज तासभर सांगतात, आपण सोयीचं तेवढं घरी नेतो. बायको, प्रतिमा, चहा गाळता गाळता म्हणाली, "ती उघडून बघा म्हणाली ना?" मी म्हणालो, मला बघून कळतं.

त्या संध्याकाळी मावशीनं सुवर्णाच्या हाती देवघरातला अंगारा पाठवला. यंत्राले लाव म्हणावं, सुधरून जाईन. मी चिमूट घेऊन जाळीपाशी नेली. टेकवलीही नव्हती, तोच अंगारा सर्रकन आत गेला!

मागून कुणीतरी म्हणालं, "घेतला! देवानं घेतला!"

झालं. रांग लागली. जो येईल तो चिमूट पुढे धरतो आणि ती आत ओढली जाते. अंगारा संपला तेव्हा बुक्का आला. पखवाजवाले अर्जुनराव हाताला लावायची अख्खी पावडर घेऊन आले, तेवढी मी थांबवली. डबा घुमायला लागला. लोकांनी त्याला हुंकार समजून हात जोडले. महाराजांनी नमन धरलं आणि निळेजांभळे दिवे एकदम गेले. डबा थंड. म्हणजे बंद, हात लावला तर कढईसारखा तापलेला!

बैठक बसली. सप्ताहाचे अध्यक्ष शंकरराव मला आधीच पाण्यात पाहतात. म्हणाले, "तुमच्या पोरीनं याच्यावर राक्षसाच्या फौजा मारल्या म्हंता. अन् याले एक महाराज झेपून नाही राह्यला?"

मी ठामपणे सांगितलं, की राक्षसांचं वेगळं, नामाचा भार वेगळा. नवा प्रोसेसरच लागेल. प्रश्न होता पैशांचा. हाताशी होते ते काल्याच्या बुंदीचे. आमच्याकडे काल्याला बुंदी नसेल, तर सप्ताह झाला असं कुणी धरत नाही. त्यामुळे मंडपात दोन पक्ष पडले, बुंदीचा आणि प्रोसेसरचा, आणि प्रोसेसरच्या पक्षात मी एकटा होतो. तेवढ्यात सुवर्णा आली. सासूबाईंनी निरोप दिला होता, "माह्या वाटची बुंदी नका करू. मले देव आलेला पाहू द्या."

शंकररावांनीच आधी हात वर केला, मग सगळ्यांनी. मी माइक घेऊन जाहीर केलं, की यंदा काल्याला बुंदीऐवजी प्रोसेसर. मागच्या रांगेतून एका आजोबांनी विचारलं, "वाटसान कसा?"

सकाळी डबा मांडीवर घेऊन जीपनं मलकापूर गाठलं. हार काढायचं सुचलं नव्हतं, त्यामुळे जीपमध्ये जो चढे तो आधी डब्याला नमस्कार करी, मग बसे. बाजारात अश्वजितचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मी आत जाऊन जोरात सांगितलं, याला नवा प्रोसेसर बसवा, चांगल्यातला. अश्वजितनं हार बाजूला ठेवला, काच उघडली, आणि तो मागे सरकला.

"काका, याच्यावर कोणता गेम खेळता?"

"कीर्तन."

त्यानं मान हलवली आणि एकेक काढायला सुरुवात केली. झेंडूच्या पाकळ्या. उदबत्तीची थोटकं. आणि प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचं जे घर असतं, त्याच्या फटीफटीत अंगारा, बुक्का आणि उदबत्तीचा चिकटा यांचा लिंपलेला थर. त्यानं समजावलं, पुढचा पंखा वारा बाहेर टाकत नाही, आत ओढतो. गरम वारा वरून निघतो, आणि तिथं मी हार घातला होता. बिचारा प्रोसेसर आत गुदमरून स्वतःला बंद करून घेत होता.

"म्हणजे अंगारा देवानं घेतला नाही?" मी विचारलं.

"पंख्यानं घेतला, काका. तो कुणाचाही घेतो." मग हसून म्हणाला, "आमच्या घरीही बुद्धांसमोर रोज उदबत्ती असते. पण कॉम्प्युटरच्या नाकात नाही लावत आम्ही."

त्यानं डबा दाराशी नेऊन ब्लोअर मारला. रस्त्यावर सुगंधी ढग उठला. समोरच्या कापडवाल्यानं गल्ल्यावरून उठून नमस्कार केला. मग अश्वजितनं पाती पुसली, प्रोसेसर गार ठेवणारी ताजी पेस्ट लावली, तार जोडली. निळेजांभळे दिवे लागले. डबा असा गार, की माठ म्हणावा!

"मग नवा केव्हा बसवता?" मी पुटपुटलो.

"मी विकायलाच बसलोय, काका. पण याला काही झालेलं नाही. हाच प्रोसेसर अजून कितीतरी सप्ताह काढेल."

ज्याचं पोट विकण्यावर, त्यानं 'घेऊ नका' म्हणायचं! आणि हे त्यानं मला एकाही शब्दानं मूर्ख न म्हणता सांगितलं. कीर्तनात ऐकलेलं साधुत्व असं बाजारात, हातात पेचकस घेऊन भेटलं, की डोळे भरून येतात. मी अंगारा डोळ्यांत गेल्याचं निमित्त केलं.

संध्याकाळी मी महाराजांच्या कानात सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. मग उभे राहिले, आणि नमन होताच थेट कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "गोजरबाई, त्या दिवशी देव वाटेत अडकला होता. आज तुमच्यासाठी पुन्हा बोलावतो." आणि जिथं चित्र थांबलं होतं, तिथूनच, दोन्ही हात वर करून, त्यांनी हाक मारली.

मंडपातल्या कुणाचं महाराजांकडे लक्ष नव्हतं. सगळे डब्याकडे बघत होते. दिवे जळत होते, पंखे फिरत होते. महाराजांनी देवाला आणलं, साडीवर साडी आली, शंकररावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. माझा फोन थरथरला. सुवर्णा होती. मागून मावशीचा रडका आवाज आला, "सांग त्याले, आला म्हणा. आला."

काल्याच्या दिवशी बुंदी झाली. पहिला द्रोण मावशीला गेला, मोठा डबा अश्वजितला. प्रोसेसर कुठे आहे असं त्या आजोबांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, जुनाच शुद्धीवर आला.

मावशीला मात्र खरं सांगायची माझी छाती झाली नाही. तिची खात्री आहे, तिच्याच अंगाऱ्यानं काम केलं. परवा सुवर्णा पुढच्या वर्षासाठी पुडी देऊन गेली, मागच्यापेक्षा चांगली मोठी. टाकवत नाही, आणि डब्याजवळ न्यायची तर प्रतिमानं बंदी केली आहे. म्हणून त्यातली चिमूट रोज मी माझ्याच कपाळाला लावतो.

प्रतिमा म्हणते, "लावा खुशाल. इथून आत काही जात नाही."