क्लायंट शरणप्पा

मिक्सर दुरुस्तीला आला की शरणप्पा आधी त्याचं भांडं हुंगतात. स्क्रूड्रायव्हर नंतर. डोळे मिटून, लांब श्वास घेऊन हुंगतात आणि मग समोरच्या बाईकडे असं बघतात, की तिला पोलीस चौकीत आल्यासारखं वाटावं.

"शेंगाचटणी केली की न्हाय ह्याच्यात?"

"थोडीशीच, मामा..."

"थोडीशी! घरात उखळ हाय न्हवं? त्येच्यात काय तुळस लावलीया?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं दुकान. मूळ गाव सीमेवरचं मैंदर्गी. घरात कानडी, दुकानात मराठी आणि संताप दोन्ही भाषांत. बायको गेल्यापासून दुकानामागच्या खोलीत एकटेच राहतात. गिऱ्हाइकाला बसायला स्टूल आहे, पण त्यावर बसून शांत मनानं उठलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मी एका कॉलेजात वेब डिझाइन शिकवते. मुलांनी खऱ्याखुऱ्या दुकानदारासाठी वेबसाईट करायची, असा आमचा दरवर्षीचा प्रकल्प. क्लायंट म्हणून कुणी साडीवाला मिळतो, कुणी क्लासवाला. सगळे "छान, छान" म्हणून चहा पाजतात आणि मुलं काही म्हणजे काही शिकत नाहीत. यंदा मला "छान" न म्हणणारा माणूस हवा होता.

"क्लायंट म्हंजी?" मामांनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही मुलांचे गिऱ्हाईक."

"मी गिऱ्हाईक? जल्मभर गिऱ्हाइकास्नी शानपन शिकवलं, आता म्हातारपनी मीच गिऱ्हाईक व्हनार?" असं म्हणत त्यांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला.

'क्लायंटची पूर्वतयारी' असा तो कागद. दहा प्रश्नांचा. पुढचा आठवडाभर मला दुधाची पिशवी आणायलासुद्धा त्या दुकानावरून जाणं अवघड झालं.

"म्याडम, 'तुमचे स्पर्धक कोण?' असं लिवलंय हितं. मी लिवलं, जुनं टाका नवं घ्या म्हननारे समदे."

दुसऱ्या दिवशी, "'ग्राहकाचा वयोगट कोणता?' बाईमानसाला मी वय इचारू? मिक्सरचं वय सांगतो की!"

तिसऱ्या दिवशी आवाज जरा खाली. "'तुमचा आवडता रंग?' हे मला आजवर कुनी इचारलं न्हवतं." हाही रागच होता की दुसरं काही, ते मला कळलं नाही.

विद्यार्थिनी यायच्या दिवशी मामांनी दाढी केली, पांढरा शर्ट घातला, दुकानाची पाटी ओल्या फडक्यानं पुसली. आफरीन लॅपटॉप घेऊन आली. वर्गातली हुशार मुलगी, जरा घाईची. तिनं पहिलाच नमुना उघडला. पडद्यावर एक गोरा तरुण मिक्सर हातात धरून दात काढत होता.

"ह्यो कोन?"

"मॉडेल है, काका."

"हात बघ की त्याचे! एक काळा डाग न्हाय. ह्यानं जल्मात मोटरीचा एक बुश बदलला असंल का? आन् खाली काय लिवलंय हे? कानडी न्हाय, मराठी न्हाय, इंग्रजी न्हाय. एनिदु? काय हाय हे?"

"डमी है, काका. जागा भरने के लिए. बाद में बदलते ना."

"म्हंजी दुकानाची सुरुवातच खोटं बोलून? बंद कर ते. मला न्हाय व्हायचं क्लायंट!"

मला वाटलं, आता पोरगी रडणार. पण आफरीननं लॅपटॉप मिटला. म्हणाली, "गलती हुई मेरी. अब दुकान दिखाओ, काका. फोटो तुम्हारेच लेती मैं."

मामा चार-दोन मिनिटं गुरगुरले आणि उठले.

मागच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या. त्यांवर ओळीनं मिक्सर, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. आफरीननं विचारलं, हे कधीचे?

"झाल्यात समदे दुरुस्त. फोन केला तर म्हनत्यात, ऑनलाइन नवा आला, मामा. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

"तो फेंकते क्यूं नै?"

"फेकायचं कसं? लोकाचं हाय ते!" मामा पुन्हा भडकले. "दर सोमवारी एकेक चालू करून बघतो. चालायची वस्तू बसून ऱ्हायली की जाम व्हती, पोरी."

ती फोटो काढत एकेक चिठ्ठी वाचत चालली होती. एका मिक्सरवर धुळीचा कण नव्हता. तिनं मोठ्यानं वाचलं, "बसवराज, पुणे."

तो त्यांचा मुलगा, हे मला माहीत होतं. मामांनी ती चिठ्ठी उगीचच सरळ केली.

"लग्नात दिला व्हता. आवाज करतोय म्हनून मागं आनून ठिवला त्यानं. दोन दिसांत केला मी. तवर त्यांनी नवा घेतला." मग म्हणाले, "त्यांचं बी बरोबर हाय. पुन्यात कोन कशाला थांबतंय."

नवा मिक्सर घेणाऱ्या माणसाला शरणप्पांनी बरोबर म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढं वेबसाईट झाली. पहिल्या पानावर मामांचे काळे हात. मामांनी शुद्धलेखनापासून बटणाच्या जागेपर्यंत ढीगभर चुका काढल्या, आफरीननं एकेक दुरुस्त केली. राहिला होता फक्त तो प्रश्नांचा कागद. मी मागायला गेले तेव्हा मामा मोटर उघडून बसले होते. मान वर न करता त्यांनी गल्ल्याकडं बोट दाखवलं. कागद त्यावर होता.

शेवटचा प्रश्न होता, 'वेबसाईटवर आलेल्या माणसानं पुढं काय करावं असं तुम्हाला वाटतं?' इथं सगळे क्लायंट लिहितात, फोन करावा, ऑर्डर द्यावी. मामांनी दोनदा काहीतरी लिहून खोडलं होतं. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'यावं. मिक्सर नसला तरी यावं.'

मी कागद हातात धरून उभी राहिले.

"हसू नगा, म्याडम," मामा मोटरीत डोकं घालून खेकसले. "प्रश्न तुमीच इचारलाय."

मी हसत नव्हते.