महिपतकाकांचं कमाल-किमान

मांडवीच्या महिपत मयेकरांनी तेवीस वर्षांपूर्वी मागच्या दारच्या भिंतीला थर्मामीटर ठोकला, आणि तेव्हापासून एका दिवसाची नोंद चुकवली नाही. लेकीच्या लग्नात मूठभर अक्षता घेऊन मागच्या दारी पळालेला बाप अख्ख्या रत्नागिरीत हाच एक!

"देशात कुणाला ठाऊक नाय ते मी शोधलंय!" ते छाती फुगवून सांगत. त्यांच्या वह्यांत हिवाळ्यातलं किमान तापमान तीन अंश चढलेलं, उन्हाळ्यातलं कमाल चार अंश उतरलेलं. पट्टीने रेषा पुढे ओढल्या की दोन्ही २०५५ साली एकमेकींना भेटत. वैशाखातली दुपार आणि पौषातली पहाट सारखीच! वाचनालयात रविवारी व्याख्यान ठरलं, फलकसुद्धा लागला.

शनिवारी आलेख तपासायला हवामानशास्त्र शिकणारी सानवी आली. "काका, देशभरात कमाल-किमान दोन्ही चढतायत. तुमचंच कमाल उतरतंय कसं?"

"माझं यंत्र खोटं बोलत नाय!"

सानवी मागच्या दारी गेली. थर्मामीटर फणसाच्या गर्द सावलीत लटकत होता.

"हा फणस कधीचा?"

"यांनी थर्मामीटर लावला ना, त्याच साली मी रोप लावलं," महिपतरावांची बायको हौसा म्हणाली.

"आणि खाली ही चूल?"

"आंघोळीच्या पाण्याची. पहिल्यापासूनच हाय. यांना पहाटे कढत पाणी लागतं. वय वाढतंय तसं आणखी कढत!"

महिपतरावांनी फणसाकडे पाहिलं, मग चुलीकडे. "म्हणजे २०५५ साली..."

"काही होणार नाही, काका. फणस छाटलात तर उन्हाळा परत येईल."

फलक त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवला. तेवीस वर्षं!

वह्या चाळताना सानवी थबकली. "मधेमधे पारा एकदम अठरावर कसा?"

हौसाने तारखा वाचल्या. "अवो, हे तर मी केळशीला माहेरी गेलेले दिवस! चूल कोण पेटवणार?" तिने बोटांवर मोजलं आणि डोळे वटारले. "तेवीस वर्षांत अकरा दिवस? आणि जगाला सांगता, हौसा सारखी माहेरी पळते! तुमच्याच अक्षरात हाय बघा!"

सोमवारी तिने पिशवी भरली आणि केळशीची एसटी धरली.

मंगळवारी पहाटे महिपतरावांनी थंडीने कुडकुडत फोन लावला. "हौसा, अगो, साडेसतरा झालंय इथं!"

"मग नोंद करा!" हौसा म्हणाली आणि फोन ठेवला.