नवरदेवाची होडी

"नवरदेव होडीतून येईल!"

दिगंबरपंत हे वाक्य एकदाच बोलले, पण बोलले ते भर बैठकीत, व्याह्यांच्या तोंडावर! जन्मभर मास्तरकी करूनही वर्गातल्या पोरांना "बसा" म्हणताना दबकणारा हा माणूस. त्याच्या तोंडून एवढं ठाम काही निघालेलं ऐकून दाराआड पत्नी विमलबाईंच्या हातातली नारळाच्या वड्यांची बशी कलंडली.

बेत तसा झकास होता. वऱ्हाड नागपूरहून हावड्याला उतरणार, जानवसा गंगेपलीकडे शिवपूरला आणि मंडप अलीकडे खिदिरपुरात. नदीतून आलं तर समोरासमोर. पुलावरून आलं तर ट्रामनं अर्ध्या कलकत्त्याला प्रदक्षिणा! त्यात वरपिते विनायकराव म्हणजे मुहूर्ताच्या बाबतीत स्टेशनमास्तरापेक्षा कडक.

"आमच्या घराण्यात एकदाच मुहूर्त चुकला," त्यांनी बजावलं होतं. "ती दोघं अजून भांडताहेत! मुहूर्त चुकला, तर लग्न नाही."

होडी पंतांची स्वतःची होती. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती आणि खिदिरपूरच्या एका बोटयार्डात ठेवली होती. संध्याकाळी ते तिच्यात बसून शांतपणे पुस्तक वाचत. खुंट्याची गाठ त्यांनी आजवर एकदाही सोडली नव्हती, एवढं मात्र बैठकीत सांगायचं राहून गेलं.

लग्नाच्या गडबडीत महिनाभर पंत यार्डाकडे फिरकले नव्हते; लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा ते तिथे गेले. खुंट्याला होडी नव्हती!

"मोशाय, एकटु भूल होये गेछे," यार्डाचे मॅनेजर श्यामसुंदरबाबू कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "जरा चूक झाली. रंगवायला काढायची होती शेजारची होडी. आमच्या माणसांनी काढली तुमची."

"मग रंगवलीत?"

"ना. तुमची आहे हे कळलं, म्हणून रंगवली नाही!"

बिचारी होडी महिनाभर वैशाखाच्या उन्हात पालथी पडली होती. फळ्या सुकून आक्रसल्या होत्या. पंतांनी एका फटीला डोळा लावला, तर पलीकडे रवंथ करणारा बैल दिसला. होडी पाण्यात लोटली मात्र, चाळणीत आमटी ओतावी तशी गत! फक्त इथे आमटी खालून वर येत होती.

दुसरी होडी? ऐन लग्नसराईत घाटावरची प्रत्येक होडी कुठल्या ना कुठल्या वरातीनं धरलेली होती. श्यामसुंदरबाबू तर रडायच्या बेतात आले.

पंतांनी तीनदा घसा खाकरला. "एका पुस्तकात... म्हणजे मला समजलं त्याप्रमाणे... ही बुडवायला हवी."

"बुडवायला?"

"दगड भरून. लाकूड पाणी पितं, हरभऱ्यासारखं फुगतं आणि फटी मिटतात म्हणे. पण पुस्तक विलायती आहे हो! गंगेच्या पाण्याला ते लागू पडेल का, देव जाणे."

चूक यार्डाची, त्यामुळे श्यामसुंदरबाबू काहीही बुडवायला तयार होते! माणसं दगड आणू लागली. स्वतः पंतही धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले. नेमके त्याच वेळी, सकाळच्या गाडीनं आलेले विनायकराव रेशमी उपरणं सावरत होडी बघायला हजर झाले.

"वा पंत! आमच्या मुलाची होडी कुठली?"

"ही... हीच."

"आणि हे दगड कशाला?"

खोटं बोलायची सवय नसल्यामुळे पंत म्हणाले, "बुडवतोय."

"माझा मुलगा बसायच्या होडीत दगड?" विनायकराव असे गरजले, की घाटावरचे कावळे उडाले. "अरे, हुंडा नको म्हटलं, त्याचे हे पांग फेडताय? तुमच्या विहीणबाई, पार्वतीबाई, अजून गाडीचा शीण काढताहेत, त्यांना काय सांगू?"

"पुस्तकात तसं—"

"पुस्तक गेलं खड्ड्यात!"

इतक्यात डुबुक! डुबुक! होडी खाली गेली.

"लग्नाच्या सकाळी ही कोरडी दिसली नाही," विनायकराव दात आवळून म्हणाले, "तर सगळं वऱ्हाड घेऊन परतीची गाडी पकडतो!"

घरी विमलबाईंनी डोक्याला हात लावला. "अहो, इतकी पुस्तकं वाचलीत, एखादं तरी पोहायचं वाचायचंत!"

"बाबा," नवऱ्या मुलीनं, सुनीतीनं, हळूच विचारलं, "ते पुस्तक तुम्हाला खरं वाटतं?"

"वाटतं गं. पण मला वाटून काय उपयोग?"

ती उठली. "आई, हळद कालव. मी लावून घेते."

लेकीचा विश्वास बघून पंतांनी पुस्तकातलं ते पान पुन्हा एकदा वाचून काढलं.

लग्नाच्या सकाळी दगड काढून होडी वर आणली, पाणी उपसलं आणि यार्डाच्या नावाड्यानं ती वल्हवत शिवपूरला नेली. पंत नवरदेवाला बोलवायला आधीच जानवशावर पोचले होते. विनायकराव घाटावरून थेट होडीत उतरले. रेशमी उपरण्याची घडी त्यांनी तळाशी दाबून धरली. सगळं वऱ्हाड श्वास रोखून उभं! त्यांनी घडी उचलली, उलटी केली, गालाला लावली.

"कोरडी ठणठणीत!" ते ओरडले. "पंत, फटी मिटवून मृदंग केलात हो मृदंग! वाजवा रे!"

ताशा कडाडला. नवरदेव बसला, करवल्या बसल्या, पार्वतीबाईसुद्धा पदर सावरत बसल्या.

"या पंत, मधोमध! मानाची जागा तुमची!"

पंतांनी नावाड्याच्या हाताकडे पाहिलं. तो खुंट्याची गाठ सोडत होता. पुढे अफाट गंगा!

"तुम्ही व्हा पुढे," ते पुटपुटले. "मला... जरा... उदबत्त्या घ्यायच्यात."

आणि त्यांनी ट्रामकडे धूम ठोकली!

होडी वेळेच्या आधी अलीकडे लागली. नवरदेव अंतरपाटासमोर उभा राहिला, भटजींनी घसा साफ केला, आणि विनायकराव येरझारा घालू लागले. "मुलगा आला, होडी आली, मुलीचा बाप कुठाय?"

मुलीचा बाप हावड्याच्या पुलावर, रुळात चाक रुतून बसलेल्या रेड्याच्या गाडीमागे अडकलेल्या ट्राममध्ये होता. शेवटी तो खाली उतरला आणि पळत सुटला.

भटजींनी शेवटचं मंगलाष्टक सुरू केलं आणि पंत धापा टाकत मंडपात शिरले. सदरा अंगाला चिकटलेला, धोतर चिंब, चष्म्यावरून घामाच्या धारा! अंतरपाटाआडून सुनीती खुदकन हसली. "सावधान" झालं, मुहूर्त साधला आणि अक्षतांचा पाऊस पडला.

विनायकरावांनी व्याह्यांना कडकडून मिठी मारली, आणि लगेच मागे सरून आपलं ओलं झालेलं उपरणं चाचपलं.

"काय हो पंत! होडीतले आम्ही सगळे कोरडे, आणि ट्राममधले तुम्हीच तेवढे भिजलात?"

पंतांनी मान खाली घातली.

"पुस्तकात," ते म्हणाले, "ट्रामचं काही दिलेलं नव्हतं."