तोंड दिसत नसल्यास माणूस बोलत आहे

एका जुन्या काउबॉयपटाचे मराठीकरण करण्याचे काम अंधेरीच्या आमच्या डबिंग स्टुडिओकडे रीतसर आले. संवाद लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर होती. नायक दोन तासांत फक्त एकोणीस वाक्ये बोलत होता, त्यामुळे मी फारच खूश होतो.

माझ्याहून खूश होता हर्षद. अकरा वर्षे त्याने गर्दीचा आवाज दिला होता. 'पळा, पळा' यापलीकडे कोणी त्याला काही बोलूच दिले नव्हते. आता तो थेट हीरो! त्याचे वडील, घाटकोपरचे चंद्रप्रकाश काका, तरुणपणी असल्या सिनेमांना शिट्ट्या मारून आलेले. त्यांनी बजावले होते, "हा हीरो गप्प उभा राहतो ना, त्यातच सगळं आहे. ती शांतता सांभाळ, मग तुला आर्टिस्ट मानतो." हर्षदने ते भलतेच मनावर घेतले.

पहिले रेकॉर्डिंग चॅनेलच्या श्रवणसातत्य कक्षाकडे गेले आणि बेचाळीस शेऱ्यांसह परत आले. शेरा एकच, बेचाळीस वेळा: 'येथे आवाज नाही.' मी कक्षप्रमुख रेवतीमॅडमना फोन लावला.

"मॅडम, तो गप्प आहे."

"गप्प आहे हे प्रेक्षकाला कसं कळणार?"

"तो बोलत नाहीये, त्यावरून."

"अहो, तीन सेकंदांपुढे शांतता म्हणजे तांत्रिक बिघाड. बोलू दे ना त्याला."

"पण ओठ बंद आहेत त्याचे!"

"ओठ दिसतात कुठे? कधी हॅट आडवी, कधी रुमाल, कधी नुसती पाठ. तोंड दिसत नसल्यास माणूस बोलत आहे असे समजावे, असं परिपत्रकच आहे आमचं."

परिपत्रक म्हटल्यावर माझा नाइलाज झाला. खरे सांगायचे तर वाद घालायचा कंटाळा आला. हॅट झुकली की नायक उकाड्याबद्दल बोलू लागला. पाठ वळली की घोड्याची विचारपूस. तोंडाला रुमाल बांधलेले दरोडेखोर एकमेकांच्या घरची खुशाली विचारू लागले. मग शेरा आला की नायक वयस्कर शेरीफला 'तू' म्हणतो. तेव्हा 'अहो काका, पिस्तूल खाली ठेवता का?' असे केले. पुढच्या फेरीत जुनी खरखर साफ केली, तर तिच्याबरोबर घोड्यांच्या टापाही साफ झाल्या. स्टुडिओच्या ध्वनिसंग्रहात टापा सापडल्या त्या वरातीतल्या घोडीच्या, मागे बँडसकट. पाठलागात बँड वाजू लागला आणि रेवतीमॅडमनी खास अभिनंदन कळवले.

उरले शेवटचे द्वंद्व. दोघे समोरासमोर, पडदाभर चेहरे, मिटलेले ओठ स्पष्ट दिसणारे. हर्षदने माइकसमोर हात जोडले.

"यार, सगळ्या सिनेमाची वाट लागली. एवढं तरी राहू दे ना रे! बाबा बघणार आहेत."

मला भडभडून आले. तोंड दिसत असल्याने येथे परिपत्रक लागू नाही, असे मी तीन अर्जांत मांडले. अखेर चार सेकंदांची शांतता प्रायोगिक तत्त्वावर मंजूर झाली.

रविवारी दुपारी सिनेमा लागला. आम्ही दोघे काकांच्याच घरी होतो. काका सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीचे भांडण वाचत होते. मधूनमधून मान न उचलता "झकास, झकास" म्हणत होते. बँडवर काही बोलले नाहीत. द्वंद्व आले. हर्षद खुर्चीच्या कडेला सरकला.

शांतता.

काकांनी दचकून वर पाहिले आणि रिमोट तळहातावर आपटला. "आवाज गेला रे! केबलवाल्याला फोन लाव!" तेवढ्यात गोळी सुटली आणि काका समाधानाने पुन्हा टाकीकडे वळले. हर्षद खुर्चीत मागे सरकला.

सोमवारी रेवतीमॅडमनी तक्रारींची यादी पाठवली. तेराशे सोळा, सगळ्या त्या चार सेकंदांच्या. उकाडा, खुशाली, बँड, याबद्दल एकही नाही. यादीत तुमचाही नंबर आहे. उगाच नाही म्हणू नका. आत्ता हे वाचतानाही तुमच्या घरात टीव्ही चालूच आहे, आणि त्यात कोण काय बोलतंय हे तुम्हाला सांगता येणार नाही.