आप्पांनी फोन उचलला नाही

आमच्या शेजारचे सोपानआप्पा कुणाच्याही घरी गेले, की माणसांना नमस्कार करण्याआधी पाण्याच्या मोटरीला कान लावतात. एकदा आमच्याकडे पाहुणे बसले असताना ते तडक मागच्या अंगणात गेले. परत येऊन म्हणाले, "बाई, वायसर गेलंय." मोटर व्यवस्थित चालू होती. चारच दिवसांनी ती बंद पडली, हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतले हापसे दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांचं निदान एकच. माझं नि सुनेचं बिनसलं, वायसर गेलंय. ग्रामसभा उधळली, वायसर गेलंय. पुढे घरोघरी नळ आले, हापसे गंजले आणि आप्पा रिटायर झाले. मग एका संस्थेला परदेशात हापशांची दुरुस्ती शिकवायला माणूस हवा होता. हे गृहस्थ चौसष्टाव्या वर्षी, इंग्रजीचा गंध नसताना, झांबियातल्या एका खेड्यात जाऊन राहिले!

तिथून पहिला फोन आला तो ओरडतच. "बाई, हापसा तोच हाय! आपल्या पाटसच्या रस्त्याला हाय न्हवं, तसलाच!"

तिथे पाऊस दोन वर्षं नव्हता. मका करपलेला, बाया कोसभर चालून खड्ड्यातलं गढूळ पाणी आणायच्या. आप्पांनी हापसा चालू केला आणि सहा महिने एस्तेर नावाच्या बाईला नि तिच्या पाच मैत्रिणींना तो खोलायला, जोडायला शिकवलं. शुद्ध मराठीत. पायताण काढल्याशिवाय हापशाला हात लावायचा नाही, हाही धडा त्यातच.

"मका गेल्याला, तरी त्या बायांनी पुढच्या पेरणीचं बी जपून ठेवल्यालं," परत आल्यावर ते म्हणाले. "मी धीर द्याया गेलतो, मलाच धीर आला."

गेल्या महिन्यात माझ्या फोनवर एस्तेरचा निरोप आला. इंग्रजी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे, म्हणून आप्पांना बोलावून तो वाचून दाखवला. हापसा बंद पडला होता आणि ती आप्पांना विचारायला लगेच फोन करणार होती. तेवढ्यात फोन वाजलाच. आप्पांनी तो स्वतःच्या टोपीखाली झाकला.

"अहो, उचला की!"

"न्हाई. आता सांगितलं तर दर खेपंला इचारतील. मी काय जल्माला पुरणार हाय?"

"आणि खोलताना पाइप बोअरमध्ये पडला तर? अख्खं गाव पुन्हा खड्ड्यावर!"

"पडला, तर माझं शिकवणं खोटं."

मला हापशातलं ओ की ठो कळत नाही, नाहीतर मीच सांगितलं असतं. मी भडकले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माणूस इतका दगड असू शकतो?

त्या दोन दिवसांत आप्पा नदीकाठच्या विहिरीवरून खांद्यावर हंडा आणताना दिसत. गुडघे दुखत असताना, दारात नळ असताना. मला वाटलं, डोकं फिरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ आला. सहा चपलांचे जोड ओळीत काढलेले. एस्तेर जीव खाऊन हापसतेय. आधी नुसती हवा, मग लालसर पाणी, मग स्वच्छ धार. मी तशीच धावत शेजारी गेले.

आप्पांनी तो चार वेळा पाहिला. मग पायरीवर बसून टॉवेलात तोंड खुपसलं आणि रडले.

"शिकल्या, बाई. आता माझी गरज न्हाई."

माझाही जीव भांड्यात पडला. "मग विहिरीवरून पाणी कशाला आणत होता?"

"त्या बाया खड्ड्यावर जात असणार, आन् मी हितं दारातल्या नळाचं प्यायचं? घशाखाली उतरंना."

ते उठले. दोन दिवस बंद असलेली तोटी सोडली, ओंजळ धरली आणि घटाघटा पाणी प्यायले.